१९६६ च्या शेव्हेलला पुढे डिस्क ब्रेक बसवताना : पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

माझ्या शेव्हेलचं (शेव्हरोलेची जुनी अमेरिकन गाडी) ब्रेक पेडल फळीला टेकलं, तेव्हा मी ओहायोमध्ये हायवेवरून खाली उतरणाऱ्या रॅम्पवर होतो. समोर लाल सिग्नल आणि त्याखाली तीन गाड्या उभ्या. पॉवरग्लाइड हा ऑटोमॅटिक गिअर लो मध्ये टाकला, डाव्या पायाने पार्किंग ब्रेक दाबला आणि गाडी कडेच्या गवतात घालून थांबवली. कुणाला काही झालं नाही. घरी आणून पाहिलं तर मागच्या उजव्या चाकाचा व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने त्या चाकाचा ब्रेक लावणारा) गळत होता. बाकी तीन चाकं ठणठणीत होती, पण त्यांचाही ब्रेक गेला, कारण या गाडीत चारही चाकांना मिळून एकच कप्प्याचा मास्टर सिलिंडर असतो. पेडल दाबलं की तोच ऑइल नळ्यांतून चाकांकडे ढकलतो. एका जागी ऑइल गेलं की सगळंच गेलं.

हे सुरुवातीलाच सांगण्याचं कारण आहे. पुढे डिस्क बसवायची म्हटलं की सगळ्यांचं लक्ष चकचकीत रोटर (चाकाबरोबर फिरणारी तबकडी) आणि कॅलिपरकडे (तिला दोन्ही बाजूंनी पॅडने आवळणारा चिमटा) जातं. खरं काम बोनेटखाली आहे: मास्टर सिलिंडर, व्हॉल्व्ह आणि नळ्या. तिथे चूक झाली तर उत्तम डिस्कसुद्धा मूळच्या ड्रमपेक्षा वाईट थांबतात.

खालचं सगळं १९६४ ते १९७२ च्या शेव्हेलला धरून लिहिलंय. माझी १९६६ ची मालिबू आहे, ३२७ घनइंचाचं व्ही-८ इंजिन. त्या वर्षी शेव्हेलच्याच एसएस ३९६ या जोरदार मॉडेलमध्ये ३२५, ३६० आणि ३७५ अश्वशक्तीची इंजिनं मिळत होती, आणि ती थांबवायला चारही चाकांना साडेनऊ इंची ड्रम! शेव्हेलला डिस्कचा पर्याय १९६७ मध्ये आला, तोही पुढच्या चाकांपुरता आणि जादा पैसे मोजून. दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडरही जनरल मोटर्सने १९६७ च्या मॉडेलपासूनच दिला. १९६९ मध्ये चार पिस्टनच्या कॅलिपरऐवजी एका पिस्टनचा तरंगता कॅलिपर आला. आज बाजारातले बहुतेक किट त्याच नमुन्यावर बनतात.

ड्रम आणि डिस्क यांत फरक काय पडतो

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारं पोकळ भांडं, त्याला आतून शू दाबून ब्रेक लागतो. ड्रममध्ये पुढचा शू ड्रमच्या फिरण्यानेच ओढला जातो आणि मागच्या शूला ढकलतो. चाक स्वतःच ब्रेकला मदत करतं, म्हणून बूस्टर (इंजिनच्या व्हॅक्यूमवर पेडलला जोर देणारा डबा) नसतानाही पेडल हलकं लागतं. पण ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून लांब जातो, शूवरचे लायनरही तापून घसरायला लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या जोराच्या ब्रेकला पेडल खोल जातं ते यामुळे. पावसात पाणी आत अडकलं तर पहिला ब्रेक लागतच नाही.

डिस्क उघड्यावर असते, लवकर थंड होते, पाणी झटकून टाकते. मात्र तिला ती आपोआप मिळणारी मदत नाही. तिला नळीत जास्त दाब लागतो. पुढचे अर्धे निर्णय या एका गोष्टीवरून ठरतात.

हाताशी काय हवं

- त्या वर्षाचं शेव्हरोलेचं शॉप मॅन्युअल. किटबरोबर येणारा कागद पुरत नाही.
- चांगला फ्लोअर जॅक, वजन पेलतील असे दोन जॅक स्टँड, मागच्या चाकांना लावायला लाकडी ठोकळे
- टॉर्क रेंच, तीन-चार पौंडांचा हातोडा, बेंच व्हाइस
- फ्लेअर नट पाना. नळीचा नट साध्या फिक्स पान्याने सोडवलात तर त्याचे कोपरे गेलेच म्हणून समजा.
- डबल फ्लेअर (नळीचं फुलवलेलं दुहेरी तोंड) काढायचं हत्यार आणि नळी कापायचा कटर
- उच्च तापमानाचं व्हील बेरिंग ग्रीस, डब्यावर ‘जीसी-एलबी’ लिहिलेलं
- ब्रेक क्लीनर, न फोडलेले ब्रेक ऑइलचे डबे, नव्या स्प्लिट पिना, पारदर्शक रबरी नळी

कागदपत्रांपैकी प्रत्येक सुट्या भागाची पावती आणि पार्ट नंबर एका फाइलला लावा. पाच वर्षांनी पॅड बदलताना, ‘कोणत्या गाडीचे पॅड देऊ?’ असं काउंटरवर विचारतात तेव्हा ‘६६ ची शेव्हेल’ हे उत्तर चुकीचं ठरतं, कारण मूळ गाडीला पुढे पॅडच नव्हते. इन्शुरन्स ठरलेल्या किमतीवर घेतला असेल तर बदल कंपनीला लेखी कळवा.

१. आधी चाकं मोजा

किट मागवण्याआधी हे करा. ड्रमच्या काळातली १४ इंची अरुंद स्टीलची चाकं बहुतेक वेळा कॅलिपरला घासतात. ११ इंची रोटरवर डिस्कसाठी बनवलेली १४ इंची चाकं बसू शकतात, १५ इंचीत निर्धास्त राहता येतं. १२ किंवा १३ इंची रोटरचा मोह झाला तर चाकंही त्या मानाने मोठी घ्यावी लागतील. किट विकणारे बहुतेकजण कागदावर छापायचा साचा देतात. तो पुठ्ठ्यावर चिकटवून, कापून, चाकाच्या आतून फिरवून बघा.

दुसरी गोष्ट: काही किटमुळे चाक प्रत्येक बाजूला थोडं बाहेर सरकतं. पाव-अर्धा इंच ऐकायला किरकोळ वाटतं, पण रुंद टायर असले तर पूर्ण वळणावर ते फेंडरच्या कडेला लागतात. चाक किती बाहेर येईल, हा आकडा विक्रेत्याकडून लेखी घ्या.

२. बूस्टर हवा की नको

इंजिनला व्हॅक्यूम गेज लावा आणि आयडलवर बघा. पाऱ्याच्या १८ इंचांच्या आसपास असेल तर बूस्टर व्यवस्थित चालेल. मोठा कॅमशाफ्ट टाकलेल्या इंजिनात हा आकडा बराच खाली असतो, मग बूस्टर नावापुरता उरतो. अशा गाडीला बूस्टरशिवायची डिस्क किंवा वेगळा व्हॅक्यूम पंप बरा.

याच वेळी मास्टर सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) ठरवा. बूस्टर नसेल तर १ इंच, असेल तर साधारण १ पूर्णांक १/८ इंच. बोअर लहान असेल तर दाब जास्त मिळतो आणि पेडल जास्त खाली जातं. बूस्टर नसताना मोठा बोअर लावला की पेडल दगडासारखं कडक लागतं आणि गाडी थांबत नाही. ‘डिस्क लावूनही ब्रेक लागत नाही’ या तक्रारीत हे कारण मी वारंवार पाहिलंय.

पेडलच्या दांड्यावर दोन भोकं असतात. बूस्टर नसेल तर पुशरॉड (पेडलपासून पिस्टनला ढकलणारा दांडा) वरच्या भोकात, असेल तर खालच्या. आणि हे मात्र विसरू नका: बूस्टरशिवायच्या मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला मागे खोल खळगा असतो, बूस्टरवाल्याला उथळ. खोल खळग्याच्या जागी उथळ लावला तर लांब पुशरॉड चालता चालता निसटू शकतो.

३. किट निवडा

तीन वाटा आहेत. पहिली, तुमचंच ड्रमचं स्पिंडल, म्हणजे आपल्याकडे ज्याला स्टब ॲक्सल म्हणतात तो चाक ज्यावर फिरतं तो भाग, ठेवून त्यावर ब्रॅकेट बसवणारं किट. यात बॉल जॉइंट (स्पिंडलला कंट्रोल आर्मशी जोडणारे गोल सांधे) उघडावे लागत नाहीत. पहिल्यांदा करणाऱ्याने हीच वाट धरावी. दुसरी, स्पिंडलसह पूर्ण किट. पुढचा भाग दोन इंच खाली आणणारं स्पिंडल हवं असेल तर हेच घ्यावं लागतं. तिसरी, भंगारातून १९६९ ते १९७२ च्या शेव्हेलचा किंवा १९६९ च्या कॅमारोचा मूळ संच. मूळपणा जपणाऱ्यांना हा आवडतो, पण स्पिंडलला चीर नाही ना हे तपासून घ्यावं लागतं आणि कॅलिपर नव्याने बांधावे लागतात.

एक सापळा इथे आहे. १९७० च्या मध्यानंतरच्या दुसऱ्या पिढीच्या कॅमारोचं स्पिंडल स्वस्तात मिळतं आणि दिसायला सारखं वाटतं. त्या गाडीची स्टिअरिंगची जोडणी पुढच्या चाकांच्या मध्यरेषेच्या पुढे असते, शेव्हेलची मागे. ते बसणार नाही.

४. गाडी उचला, आणि स्प्रिंगला मान द्या

सपाट काँक्रीट, मागच्या चाकांना ठोकळे, स्टँड चेसिसखाली. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका.

ब्रॅकेटवालं किट असेल तर पुढच्या मुद्द्यावर जा. स्पिंडल बदलायचं असेल तर हे दोनदा वाचा. पुढची कॉइल स्प्रिंग खालच्या कंट्रोल आर्मवर दाबून बसलेली असते. तिच्यात माणूस मारण्याइतकी ताकद साठलेली आहे. जॅक खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जवळात जवळ लावा आणि आर्म जरा वर उचलून धरा. शॉक ॲब्सॉर्बर काढू नका. स्प्रिंगमधून साखळी ओवून चेसिसला बांधा. बॉल जॉइंटच्या स्प्लिट पिना काढा, नट काही आटे सैल करा, पण पूर्ण काढू नका. मग स्पिंडलच्या त्या जाड डोळ्यावर बाजूने हातोड्याचे दणके द्या. टेपर सुटला की मोठा आवाज होतो, पण नट अजून जागेवर असल्याने काही उडत नाही. त्यानंतरच, जॅकचा आधार खात्रीने असताना नट काढा. हे सगळं होईपर्यंत तो जॅक खाली करायचा नाही, आणि आपलं डोकं स्प्रिंगच्या समोर आणायचं नाही.

कोल्हापूरला उद्यमनगरात मामांच्या गॅरेजवर मी सुट्ट्यांत काम करायचो. जॅकला हात लावण्याआधी मामा मोठ्याने सांगायचे, ‘हात काढा, मी जॅक हलवतोय.’ गॅरेजात दुसरं कुणी नसलं तरी सांगायचे. आज माझ्या मुलीला बरोबर घेऊन काम करताना मीही तसंच म्हणतो.

५. ड्रम उतरवा

ग्रीसची टोपी, स्प्लिट पिन, नट, वॉशर, बाहेरचं बेरिंग, मग हबसकट ड्रम बाहेर. अडला तर मागच्या फटीतून ॲडजस्टर सैल करा. शू आणि स्प्रिंगा एकेक सोडवत बसायची गरज नाही. होज सोडवून बॅकिंग प्लेट अख्खीच काढता येते.

जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. हवेचा झोत मारू नका, कोरड्या ब्रशने झाडू नका. ब्रेक क्लीनरने ओलं करून फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका आणि तोंडाला योग्य दर्जाचा मास्क ठेवा.

स्टिअरिंग आर्म सोडवावा लागला तर डावा-उजवा खूण करून ठेवा. काढलेलं काहीही लगेच टाकू नका. पुढचा मालक कदाचित गाडी मूळ रूपात आणू पाहील.

६. बेरिंग आणि रोटर

नव्या रोटरवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो. दोन्ही बाजू ब्रेक क्लीनरने पुसा, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. हा थर राहिला तर पॅड पहिल्याच दिवशी खराब होतात.

बेरिंगमध्ये ग्रीस नुसतं वरून लावायचं नाही. तळहातावर गोळा घेऊन बेरिंगची रुंद कड त्यात दाबत राहा, दुसऱ्या बाजूने रोलरच्या फटीतून ग्रीस बाहेर येईपर्यंत. जुन्या ग्रीसचा अंश ठेवू नका. आतलं बेरिंग, मग नवीन सील, मग रोटर स्पिंडलवर.

नट घट्ट करताना रोटर हाताने फिरवत राहा आणि १२ फूट-पौंडांपर्यंत आवळा. मग पूर्ण सैल करा, नुसत्या बोटांनी परत लावा आणि पिनेचं भोक जुळत नसेल तर किंचित मागे घ्या. पुढे आवळून भोक जुळवू नका. नेहमीच्या नटापेक्षा हे उलटं आहे. बॉल जॉइंटच्या नटाला मात्र कधी मागे घ्यायचं नाही, तिथे पुढे आवळूनच भोक जुळवायचं. या दोन नटांची अदलाबदल डोक्यात होऊ देऊ नका.

७. कॅलिपर

कॅलिपर डावा आणि उजवा वेगळा असतो, पण उलट बाजूलाही तो बिनतक्रार बसतो. खूण एकच: एअर (ऑइलमधली हवा) काढायचं निपल वरच्या टोकाला हवं. मी पहिल्यांदा उलटे बसवले. निपल खाली आलं, हवा वरच्या कोपऱ्यात साठून राहिली आणि अख्खा शनिवार, तीन डबे ऑइल घालवून पेडल स्पंजासारखंच राहिलं.

होजच्या बांजो बोल्टला (होज कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) दोन तांब्याचे वॉशर, एक वर एक खाली, दोन्ही नवे. होजला पीळ पडलेला नसावा. चाक लावल्यावर स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि होज टायरला, स्प्रिंगला किंवा आर्मला कुठे लागतोय का ते दिवा धरून बघा. जॅकवर चाक लोंबकळत असतानाही बघा आणि जमिनीवर टेकल्यावरही.

८. मास्टर सिलिंडर, व्हॉल्व्ह, नळ्या

इथे घाई करायची नाही.

जुन्या गाडीत मास्टर सिलिंडरमधून एकच नळी निघते आणि चेसिसवरच्या पितळी ठोकळ्यातून तिन्ही दिशांना फाटे फुटतात. आपल्याला पुढचा आणि मागचा मार्ग पूर्ण वेगळा करायचा आहे. जुना ठोकळा ठेवून ‘जुळवून’ घेण्याचा प्रयत्न करू नका. दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर लावून पुढचा-मागचा कुठेतरी एकत्र जोडला तर सगळा खर्च वाया गेला.

मधे येतो कॉम्बिनेशन व्हॉल्व्ह. तो तीन कामं करतो. मागचे शू स्प्रिंगांचा ताण ओलांडून ड्रमला टेकेपर्यंत पुढच्या डिस्कला थोपवून धरतो. जोराच्या ब्रेकला मागच्या चाकांकडे जाणारा दाब कमी वाढू देतो, कारण त्या वेळी गाडीचं वजन पुढे सरकलेलं असतं आणि मागची चाकं लॉक झाली की गाडी गर्रकन फिरते. एका बाजूचा दाब गेला तर डॅशबोर्डवरचा दिवा लावतो. १९६६ च्या गाडीत हा दिवा नसतो. एक छोटा लाल दिवा आणि वायर टाकून घ्या, तासाभराचं काम आहे.

ड्रमच्या मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो नळीत साधारण १० पीएसआय दाब कायम ठेवतो. ड्रमला तो उपयोगी, पण डिस्कच्या मार्गात राहिला तर पॅड सतत घासत राहतात आणि दहा मैलांत चाक हात लावू देत नाही. म्हणून डिस्क-ड्रमसाठीच बनवलेला मास्टर सिलिंडर घ्या. शेव्हेलमध्ये तो फायरवॉलवर, कॅलिपरपेक्षा उंच असतो, त्यामुळे डिस्कच्या बाजूला असा व्हॉल्व्ह अजिबात लागत नाही.

नळ्या तयार वाकवलेल्या मिळतात. स्वतः करत असाल तर तांबं-निकेल मिश्रणाची नळी हाताने सहज वाकते आणि फ्लेअरही नीट येतो. फ्लेअर ४५ अंशांचा आणि दुहेरीच हवा. नट आधी ओवा, मग फ्लेअर काढा. पाण्याच्या नळाला वापरतात तसले दाबून बसणारे जोड ब्रेकच्या नळीत लावू नका, कितीही घट्ट वाटले तरी.

गाडीवर चढवण्याआधी मास्टर सिलिंडर व्हाइसमध्ये आडवा समपातळीत धरा. दोन्ही तोंडांना छोट्या नळ्या लावून त्या परत त्याच्याच टाकीत बुडवा, ऑइल भरा आणि लाकडी दांड्याने पिस्टन सावकाश दाबत-सोडत राहा. बुडबुडे थांबले की झालं. हे टाळलं तर पुढे कितीही एअर काढा, संपत नाही.

बूस्टर आणि मास्टर सिलिंडर यांच्यामधल्या पिनेला अगदी बारीकशी मोकळीक हवी. पिन जराही दाबून बसली तर ऑइल टाकीत परतू शकत नाही, आणि ब्रेक तापत तापत आपोआप लागून बसतात.

९. ऑइल आणि एअर

डॉट ३ किंवा डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल वापरा. दोन्ही ग्लायकॉलची आहेत. नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस, डॉट ४ चा २३०. डॉट ५ सिलिकॉनचं आहे, ते यांच्यात मिसळू नका. ग्लायकॉलचं ऑइल हवेतली आर्द्रता शोषतं, म्हणून अर्धा उरलेला जुना डबा वापरू नका. ते रंगही खातं. फेंडरवर जाड कापड टाका आणि थेंब पडलाच तर लगेच पाण्याने धुवा.

क्रम: मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. एकाने पेडल हळू दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडून बंद करायचं, मगच पेडल सोडायचं. टाकी रिकामी होऊ देऊ नका.

पेडल तरीही खोल जातंय? लगेच पुन्हा एअर काढायला बसू नका. आधी मागचे ड्रम ॲडजस्ट करा. शू लांब राहिले असतील तर पेडलचा निम्मा प्रवास त्यांना ड्रमपर्यंत नेण्यातच जातो. ओळखायला सोपं आहे: दोन-तीनदा भराभर दाबल्यावर पेडल वर येऊन टणक लागत असेल, तर मागच्या ॲडजस्टमेंटचा संशय घ्या. दाबून धरल्यावर सावकाश खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे, किंवा मास्टर सिलिंडर आतून सोडतोय. मागचे व्हील सिलिंडर जुने असतील तर याच वेळी बदला. माझा प्रसंग तिथूनच सुरू झाला होता.

१०. रस्त्यावर

इंजिन चालू ठेवून पेडल पूर्ण ताकदीने मिनिटभर दाबून धरा, आणि कुणाला तरी दिव्याने प्रत्येक जोड बघायला सांगा. कोरड्या बोटाला ओल लागली तरी गाडी बाहेर काढायची नाही. चाकांचे नट टॉर्क रेंचने आवळा. स्पिंडल बदललं असेल तर व्हील अलाइनमेंट करून घ्या. वरच्या आर्मचे शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) काढले असतील तर ते मोजून, जिथले तिथे परत गेलेत ना ते बघा.

पॅड बसवायला मोकळा रस्ता शोधा. ताशी ३० मैलांवरून बेताने थांबा, अर्धा मिनिट चालवत थंड होऊ द्या, पुन्हा थांबा, असं तीसएक वेळा. मधेच करकचून ब्रेक मारू नका. लाल सिग्नलला गरम पॅड रोटरवर दाबून उभे राहणंही टाळा.

हे झाल्यावर, मागे कुणी नसताना आणि रस्ता कोरडा असताना, हळू वेगापासून सुरुवात करून एकेकदा जोरात ब्रेक मारून बघा. पुढची चाकं आधी लॉक व्हायला हवीत. मागची आधी होत असतील तर मागच्या नळीवर फिरवून कमी-जास्त करता येणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लावून मागचा दाब कमी करा, आणि तोवर पावसात गाडी काढू नका. गाडी एका बाजूला ओढत असेल तर त्या विरुद्ध बाजूच्या कॅलिपरमध्ये हवा, पॅडवर ग्रीस किंवा पिळलेला होज शोधा.

पहिल्या ५० मैलांनंतर चाकांचे नट पुन्हा टॉर्कला लावा, टाकीतली पातळी बघा, आणि चारही चाकांजवळ हात नेऊन एखादं बाकीच्यांपेक्षा जास्त तापतंय का ते तपासा.